अंदमान की लक्षद्वीप : वयस्कर आई-वडिलांसोबत निघण्यापूर्वी

सोलापूरच्या वैशाखात वाढलेल्या माणसाला उन्हाची भीती वाटत नाही आणि बेटावर नेमका हाच भरवसा घात करतो. आपले ऊन कोरडे असल्याने घाम लगेच वाळतो व अंग निवते. अंदमान असो वा लक्षद्वीप, तिथल्या दमट हवेत पारा 32 अंशांवर असला तरी घाम अंगावरच राहतो आणि शरीरातली उष्णता बाहेर पडत नाही. सोबत नेलेली कडक भाकरी डबा उघडताच सादळू लागते, यावरून त्या हवेची कल्पना यावी. जाड सोलापुरी टॉवेलही तिथे नीट वाळत नाही आणि तो ओलाच वापरला की गजकर्णाला निमंत्रण मिळते, म्हणून पातळ सुती पंचा न्यावा. ओआरएसची पाकिटे दोन्हीकडे हवीतच.

मधुमेह किंवा हृदयविकार असलेले ज्येष्ठ सोबत असतील, तर मी सर्वप्रथम रुग्णालयाचा विचार करीन. श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथे जी. बी. पंत हे मोठे सरकारी रुग्णालय आहे. मात्र स्वराज द्वीपावरून, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉक बेटावरून, तिथे यायचे तर मुख्यतः बोटीवरच अवलंबून राहावे लागते आणि समुद्र खवळला की बोटी थांबतात. लक्षद्वीपमध्ये कवरत्ती या राजधानीच्या बेटावर रुग्णालय असले तरी गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते, आणि तेही हवामानाने साथ दिली तर.

पाण्यात उतरण्याच्या बाबतीत मात्र लक्षद्वीप उजवे ठरते. प्रवाळाच्या कड्याने वेढलेले तिथले खाजण उथळ व शांत असते, तर अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असल्याने इशाऱ्याचा फलक दिसताच मागे फिरावे. प्रवाळाने खरचटलेली जखम दोन्हीकडे चिघळते. ती लगेच स्वच्छ गोड्या पाण्याने धुवावी. अंदमानात डासांबरोबर वाळूतल्या बारीक माश्याही चावतात, शिवाय पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा (जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा) धोका असल्याने जखमी पायाने साचलेल्या पाण्यातून चालू नये.

आई-वडील सोबत असतील तर मी जानेवारी ते मार्च या काळात अंदमान निवडीन, बहुतेक मुक्काम श्री विजयपुरमलाच ठेवीन आणि इन्सुलिन सामानात न देता हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नेईन. धडधाकट तरुणांनी प्रवेश-परवान्याची खटपट करून लक्षद्वीपला खुशाल जावे. फक्त स्कूबा (टाकीतल्या हवेवर पाण्याखाली बुडी) केल्यावर 24 तास विमानात बसू नये.