भरलेलं स्टेडियम बघून मी उधारी दिली

फुटबॉलची एक नवी व्यावसायिक लीग सुरू होत होती. तिच्या दोन संघांना जर्सी आणि सरावाचं किट पुरवायचं काम मला मिळालं. तीस टक्के ॲडव्हान्स, बाकी सीझन संपल्यावर. एवढी उधारी मी जुन्या गिऱ्हाइकालाही देत नाही. पण लीगचे मॅनेजर म्हणाले, "साहेब, आपला टीव्हीचा करार झालाय," आणि मी विरघळलो. त्या करारात कोण कोणाला पैसे देणार, हे विचारायचं मला सुचलंच नाही. चॅनेल एक पैसाही देत नव्हतं. उलट लीगच त्यांच्याकडून वेळ विकत घेत होती, वर कॅमेरे आणि समालोचक तिच्याच खर्चाने. ज्याला मी कमाई समजून बसलो होतो, ते लीगचं सगळ्यात मोठं बिल होतं.

पहिल्या सामन्याला स्टेडियम गच्च भरलं. त्याच रात्री मी दुसरा लॉट पाठवून दिला. गेटवरच्या पोरांनी नंतर सांगितलं, निम्म्याहून जास्त लोक फुकट पासावर आले होते. ही युक्तीसुद्धा जुनीच. अमेरिकन फुटबॉलच्या वर्ल्ड फुटबॉल लीगमध्ये १९७४ साली फिलाडेल्फियाच्या संघाने घरच्या पहिल्या दोन सामन्यांना मिळून १,२०,०००हून जास्त प्रेक्षक आल्याचं जाहीर केलं होतं. पूर्ण पैसे मोजून आलेले निघाले साधारण २०,०००.

तिकिटं खपोत न खपोत, मैदानाचं भाडं, प्रवास, विमा आणि पगार चुकत नाहीत. जुन्या लीगकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रेक्षक असतात. नवीला ते जमेपर्यंत कोणीतरी खिशातून घालत राहावं लागतं. त्या माणसाने हात आखडला की खेळ खलास. २०१९ मध्ये अमेरिकेतली एएएफ ही अमेरिकन फुटबॉलची नवी लीग आठ आठवड्यांत बंद पडली. दिवाळखोरीच्या कागदांत देणी सुमारे ४.८४ कोटी डॉलर आणि मालमत्ता १.१४ कोटी.

माझं बिल थकलं तेव्हा उत्तर मिळालं, "पुढच्या वर्षी चार नवे संघ येतायत. त्यांची फी आली की पहिलं तुमचं." म्हणजे अजून न आलेल्या माणसाच्या पैशातून माझी उधारी फिटणार होती! अमेरिकेतली जुनी सॉकर लीग, एनएएसएल, १९७८ साली २४ संघांपर्यंत फुगली होती. १९८४ च्या तिच्या शेवटच्या सीझनला उरले नऊ.

लीग बुडाली याचा मला राग नाही, धंदे बुडतात. राग याचा, की खेळाडूंचे पगार थांबल्यावरही माझ्याकडून बाद फेरीच्या जर्सींची ऑर्डर घेतली. त्या दिवशी मॅनेजरला सगळं ठाऊक होतं. चहा पाजून, पाठीवर थाप मारून त्याने सही केली. तुम्ही किट, बस, जेवण, काहीही पुरवत असाल तर आठवड्याचं बिल आठवड्याला घ्या. आणि सीझनभराचे पगार आज कोणत्या खात्यात बाजूला काढून ठेवलेत, ते कागदावर मागा. मी फक्त हसरे फोटो मागितले, दुकानात लावायला.

१९७४ च्या त्याच वर्ल्ड फुटबॉल लीगमध्ये अंतिम सामना जिंकलेल्या बर्मिंगहॅमच्या संघाचे गणवेश थकलेल्या बिलापोटी जप्त झाले होते. माझ्या हाती तेही लागलं नाही. बाद फेरीच्या जर्सींचे खोके तेवढे गोदामात पडून आहेत. पाठीवर नावं छापलेली, त्यामुळे दुसऱ्या कोणाला विकताही येत नाहीत. परवा एक उघडली आणि छातीवरच्या स्पॉन्सरचं नाव पहिल्यांदा नीट वाचलं. शेकडो जर्सींवर मीच छापलेलं. वकिलाने दिलेल्या कागदांशी ताडून पाहिलं, तर ती लीगच्या मालकाचीच दुसरी कंपनी निघाली.