कॉफी की क्वार्टर?

हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून पिळून निघालेल्या धाकट्या भावाचा संध्याकाळी सातचा प्रश्न: "दादा, कडक कॉफी मारू की एक पेग?"

खर्चात कॉफी जिंकते, विषय संपला. झोपेचं बघ. पेगनं डोळा पटकन लागतो, पण दारू उतरताना झोप तुटते; पहाटे तीनला टक्क जाग, घशाला कोरड, छातीत धडधड. कॉफीनं थकवा जात नाही, मेंदूला थकवा कळवणाऱ्या अडेनोसिनची वाट फक्त अडते. पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतं. म्हणजे सातची कॉफी बारालाही जागीच. सवय दोन्हींची लागते, पण कॉफी सोडताना डोकं दुखतं, पेगाचे मात्र दोन कधी होतात कळत नाही.

दुपारी दोनला मीटिंगमध्ये पेंग येत असेल तर कॉफी. शनिवारी मित्रांबरोबर, उगाच म्हणून, तर पेग. आज साहेबावर डोकं फिरलंय? मग वरणभात खा आणि पड.