दोन्ही घरचा पाहुणा: विझर्ड-क्लेरिक कुठल्या नियमांत निभतो?

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या (थोडक्यात डी अँड डी) भूमिका घेऊन खेळायच्या खेळाचं नवं कॅम्पेन, म्हणजे बरेच महिने चालणारी कथा, ठरलं की आमच्या टेबलावर कुणीतरी हमखास म्हणतं, "मला विझर्ड पण व्हायचंय आणि क्लेरिक पण." विझर्ड अभ्यासाने जादू शिकतो, क्लेरिकला ती देवाकडून मिळते; गड्याच्या अशा प्रकाराला क्लास म्हणतात. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी असल्यामुळे हो-नाही मलाच म्हणावं लागतं. आता पुन्हा तीच वेळ आली आहे, आणि या खेपेला नियमांचं पुस्तकही ठरलेलं नाही. तुमच्याकडेही हाच घोळ असेल तर डी अँड डीची ३.५ आवृत्ती, पाचवी आवृत्ती आणि पाथफाइंडर या त्याच जातीच्या खेळाची दुसरी आवृत्ती या तिन्हींत या जोडगोळीचं काय होतं ते शेजारी-शेजारी ठेवून बघू.

आधी मागच्या कॅम्पेनमधला एक रविवार. पाचवी आवृत्ती, सगळे पाचव्या लेव्हलला. एका मित्राने त्या पाच लेव्हलांची विझर्ड ३, क्लेरिक २ अशी वाटणी केलेली. पडक्या गढीच्या अंगणात सहा नोल (तरसाच्या तोंडाचे राक्षस) धावून आले. सॉर्सरर खेळणाऱ्या मैत्रिणीने फायरबॉल टाकला: ८डी६, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. नोलचे हिट पॉइंट (जीव) २२. चार जागीच आडवे. मग मित्राची पाळी. स्पेलची लेव्हल गड्याच्या लेव्हलहून वेगळी मोजतात, आणि स्पेल टाकला की त्या लेव्हलचा एक स्लॉट खर्च होतो. तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट त्याच्याकडेही होता, पण त्यात घालायला तिसऱ्या लेव्हलचा स्पेलच नव्हता. त्याने त्या स्लॉटमधून शॅटर टाकला: ४डी८, सरासरी १८, घेरही निम्माच. उरलेले दोन नोल ठेचले गेले, पण उभे राहिले. फासे गोळा करता करता तो म्हणाला, "अरे, लेव्हल माझीही पाचच आहे ना?"

दुखणं हेच आहे. लढवय्याने दोन लढाऊ क्लास घेतले तर एकाचं बळ बरंचसं दुसऱ्यात मिसळतं. जादू मात्र चढत्या भाजणीने वाढते, म्हणून विझर्डचे पाच आणि क्लेरिकचे पाच मिळून दहा होत नाहीत. जुन्या अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीत (खेळाडूंचं पुस्तक १९७८चं) याला साधा उपाय होता. एल्फने फायटर आणि मॅजिक-यूझर एकत्र घेतले की अनुभवाचे गुण दोघांत निम्मे-निम्मे. पुढची लेव्हल गाठायला लागणारे गुण बराच काळ दुप्पट होत जायचे, त्यामुळे निम्मे गुण मिळूनही गडी इतरांच्या एखाद लेव्हलच मागे राहायचा. २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि कुठलीही लेव्हल कुठल्याही क्लासची घ्यायची मोकळीक मिळाली. कास्टरचे, म्हणजे जादू टाकणाऱ्यांचे, हाल तिथून सुरू झाले.

२००३च्या ३.५ मध्ये दोन्ही जादू अगदी वेगळ्या चुलीवर शिजतात. विझर्ड ३, क्लेरिक ३ असा सहाव्या लेव्हलचा गडी तिसऱ्या लेव्हलचे स्पेल जाणत नाही, तसे स्लॉटही त्याला नाहीत. वर त्याची कास्टर लेव्हल (स्पेलचा जोर ठरवणारा आकडा) तीनच. त्याचं मॅजिक मिसाइल दोन बाण सोडतं, निव्वळ विझर्डचं तीन. स्पेल रेझिस्टन्स (शत्रूचं जादूपासूनचं कवच) भेदताना फाश्यात कास्टर लेव्हलच मिळवायची असते, तिथे तर रडगाणंच. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण या गड्याकडे बघूनच सुचली असावी. तोडगा म्हणून डीएमच्या पुस्तकात मिस्टिक थिअर्ज हा दहा लेव्हलांचा प्रेस्टिज क्लास दिला आहे. दोन्हीकडचे दुसऱ्या लेव्हलचे स्पेल येत असले की त्यात शिरता येतं आणि पुढे प्रत्येक लेव्हलला दोन्ही जादू एकदम वाढतात. दहाव्या लेव्हलला दोन्हीकडे चौथ्या लेव्हलचे स्पेल. निव्वळ विझर्डकडे पाचव्याचे. ऐकायला हे फारच भारी वाटतं. प्रत्यक्षात थाळी दुप्पट, पण तोंड एकच. एका पाळीत एरवी एकच मोठा स्पेल टाकता येतो, आणि तो शेजाऱ्याच्या स्पेलपेक्षा हलका असतो. दिवसभरात पाच-सहा लढाया होत असतील तर थिअर्ज चमकतो. दोनच होत असतील तर त्याचे अर्धे स्लॉट तसेच पडून राहतात. आणि चौथी ते सहावी लेव्हल हा उपासाचा काळ. आमच्यासारख्या महिन्यातून दोनदा जमणाऱ्या मंडळींना तोच सहा महिने पुरतो.

२०१४ची पाचवी आवृत्ती अर्धा प्रश्न सोडवते. पूर्ण कास्टरांच्या लेव्हल्सची बेरीज करून स्लॉट एकाच तक्त्यातून मिळतात. स्पेल मात्र प्रत्येक क्लासच्या आपापल्या लेव्हलप्रमाणेच तयार करता येतात. म्हणून विझर्ड ५, क्लेरिक ५ हा गडी पाचव्या लेव्हलचा स्लॉट बाळगतो, पण त्यातून फायरबॉलच टाकतो, १०डी६चा. कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारे छोटे स्पेल) एकूण लेव्हलप्रमाणे वाढतात, प्रोफिशियन्सीही (फाशात मिळवायचा कौशल्याचा आकडा) तशीच. त्यामुळे ३.५ इतकी उपासमार नाही. मात्र विझर्डची बुद्धी आणि क्लेरिकचं विझ्डम हे दोन्ही गुण निदान १३ लागतात, आणि दोन्ही स्पेल झणझणीत हवेत म्हणाल तर दोन्ही आकडे वर नेता नेता कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) कोरडं राहतं.

इथे अडचण उलट्या बाजूने येते. निम्मी-निम्मी वाटणी दुबळी, पण एकाच लेव्हलचा शिडकावा जबरदस्त. विझर्डने क्लेरिकची एक लेव्हल घेतली की मध्यम चिलखत आणि ढाल पदरात पडते. डेक्स्टेरिटीचे (चपळाईचे) २ असतील तर स्केल मेल घालून १४+२, ढालीचे २, म्हणजे आर्मर क्लास (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १८. एरवी हाच विझर्ड मेज आर्मरवर स्लॉट खर्चून १५ला असतो. वर शील्ड स्पेलचे ५ चढवले की २३. ऑगरलाही घाम फुटतो. या सगळ्याची किंमत काय, तर फायरबॉल एक लेव्हल उशिरा; स्लॉटला खोट नाही. क्लेरिकचे स्पेलही असे निवडायचे की विझ्डम लागूच नये, ब्लेससारखे. पॅलाडिन (धर्मयोद्धा)-सॉर्सररचंही असंच होतं: सॉर्सररचे मोठे स्लॉट स्माइटमध्ये, म्हणजे पॅलाडिनच्या वाराला जोडायच्या जादा माऱ्यात, ओतायचे, तेही प्रत्येक वारावर. २०२४च्या पुस्तकात स्माइट हा बोनस अ‍ॅक्शनचा स्पेल झाल्यामुळे ते एका पाळीत एकदाच जमतं. सगळे सबक्लासही (क्लासच्या शाखा) तिसऱ्या लेव्हलला ढकलले आहेत, म्हणजे शिडकाव्याचा मोह थोडा कमी. विझर्डचं चिलखत मात्र शाबूत आहे.

पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती (२०१९) लेव्हल वाटूच देत नाही. तुम्ही क्लेरिक म्हणजे शेवटपर्यंत क्लेरिक. दुसऱ्या लेव्हलला क्लास फीट (लेव्हलसोबत निवडायला मिळणारं कसब) खर्चून विझर्ड डेडिकेशन घ्यायचं, दोन कॅन्ट्रिप मिळतात. चौथ्या लेव्हलला आणखी एक फीट दिली की पहिल्या पातळीचा एक स्लॉट; सहाव्या लेव्हलला दुसऱ्या पातळीचा, आठव्याला तिसऱ्या पातळीचा आपोआप मिळतो. म्हणजे आठव्या लेव्हलचा क्लेरिक दिवसातून एकदा ६डी६चा फायरबॉल टाकतो, आणि त्याचे स्वतःचे चौथ्या पातळीचे स्पेल पूर्ण शाबूत. पुढचे हप्ते भरत गेलात तर विसाव्या लेव्हलला उसन्या जादूची आठवी पातळी हाताशी येते. नववी आणि दहावी कधीच नाही. बुद्धी मागे असल्यामुळे उसन्या स्पेलसमोर शत्रू सहज तगतात, म्हणून त्या स्लॉटांत मारक स्पेल न घालता उपयोगाचे घालावेत. यातून गडी मोडत नाही आणि डोईजडही होत नाही. पण "मी दोन्ही आहे" असं छातीठोकपणे म्हणायचं असेल त्याला हे पंगतीत बसून नुसती कोशिंबीर चाटल्यासारखं वाटेल. त्यावर २०२०च्या गेममास्टरी गाइडमधला फ्री आर्किटाइप हा वैकल्पिक नियम आहे: दर सम लेव्हलला आर्किटाइपपुरती (विझर्ड डेडिकेशनसारख्या जोडवाटेपुरती) एक जादा फीट. ती सगळ्यांनाच द्या, एकट्यालाच नको.

खर्चाचंही बोलून टाकतो. पाथफाइंडरचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिसवर रीतसर फुकट आहेत. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्याखाली आहे आणि मल्टिक्लासचा (अनेक क्लास घेण्याचा) तक्ता त्यात येतो.

कॅम्पेन पहिल्या लेव्हलपासून वर्षभर चालायचं असेल आणि टेबलावर एकतरी नवखा असेल, तर मी पाथफाइंडर निवडतो. खेळाडूने कसंही निवडलं तरी गडी फसत नाही. थेट नवव्या-दहाव्या लेव्हलला सुरुवात करणार असाल आणि मंडळींना गडी बांधण्यातच मजा येत असेल, तर ३.५चा थिअर्ज खुशाल द्या. उपासाचा काळ आयताच टळतो. पाचवी आवृत्ती सगळ्यांना येत असेल तर ती सोडायचं कारण नाही, फक्त आधी दोन गोष्टी सांगून ठेवा. मुख्य क्लासची पाचवी लेव्हल होईपर्यंत दुसऱ्या क्लासच्या दोन लेव्हल घ्यायच्या नाहीत, आणि चिलखताचा शिडकावा हवा असेल तर त्या देवाचं कथेत काहीतरी करून दाखवायचं.

त्या मित्राला मी वाटणी बदलू दिली: विझर्ड ४, क्लेरिक १. पुढच्या लेव्हलला त्याचा फायरबॉल आला. पहिल्याच फटक्यात तीन नोल गेले आणि आमचा रोगही (चोर-क्लासचा गडी) होरपळला. मग क्लेरिकच्या त्या एका लेव्हलमधून मित्रालाच त्याची मलमपट्टी करावी लागली.