गिरणी किटातली घ्यावी, सुट्या भिंतींची जुळवावी की सनबोर्डातून कापावी?

मॉडेल रेल्वेचा एचओ स्केलचा रूळ टाकून झाला, भिंतीला लागून दीड फूट रुंदीची फळी ठोकली, एक सायडिंगही (वॅगनी उभ्या करायची बाजूची लाइन) काढली. आता त्या सायडिंगवर वॅगन लागणार कुठे? गिरणी हवी, जिनिंग-प्रेसिंग हवं, निदान पत्र्याचं एखादं गोदाम तरी हवंच. इथून पुढे चार वाटा फुटतात. वॉल्थर्सच्या कॉर्नरस्टोन मालिकेतलं मोठं प्लॅस्टिक किट मागवायचं. किंवा डीपीएम, औहागेन यांच्या सुट्या भिंती घेऊन कारखाना आपणच जुळवायचा. किंवा पाइकस्टफचं पत्र्याचं शेड घ्यायचं. नाहीतर नागपूरच्या बर्डीवरून सनबोर्ड (पाट्यांसाठी वापरतात तो हलका प्लॅस्टिकचा बोर्ड) आणून सगळंच घरी कापायचं.

माझा कौल आधीच सांगून टाकतो. फळीवरच्या लेआउटसाठी, म्हणजे रूळ-इमारतींच्या मांडणीसाठी, सुट्या भिंतींचा मार्ग सरस आहे. प्लॅस्टिकचा दर्जा सगळ्यांचाच बरा असतो, तो मुद्दा नाही. मुद्दा मापाचा आहे.

एचओ म्हणजे १:८७. खरा १ मीटर तिथे जेमतेम साडेअकरा मिलिमीटर होतो. कोळशाची बॉक्सएन वॅगन कपलरसकट १०.७ मीटरची, म्हणजे मॉडेलमध्ये सव्वाबारा सेंटिमीटर. पाच वॅगनी उभ्या केल्या की दोन फूट संपले. आता डब्यावरच्या चित्रात भारदस्त दिसणाऱ्या इमारतीचा तळ मोजा. मध्यम किटात तो फूटभराच्या आतबाहेरच असतो. अडीच वॅगनींएवढी गिरणी कोणी पाहिली आहे? जमशेटजी टाटांची नागपुरातली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. ज्यांच्या घरातलं कोणी तिथे पाळीला जात होतं, त्यांना गिरणी म्हणजे किती लांब भिंत हे सांगायला नको. लेआउटवर कारखाना खरा वाटायचा तर तो गाडीपेक्षा मोठा दिसला पाहिजे, आणि गाडीपेक्षा मोठी इमारत चारही बाजूंनी उभी करायला दीड फुटाच्या फळीवर जागा नसते.

यावर जुना तोडगा म्हणजे लो रिलीफ. पुढची आणि मागची भिंत समोरासमोर उभी करण्याऐवजी शेजारी शेजारी लावायची, बाजूच्या भिंती दोन-अडीच इंचांवर कापायच्या आणि सगळा प्रकार लेआउटमागच्या चित्राच्या पडद्याला चिकटवायचा. लांबी दुप्पट होते, खोली नावापुरती उरते. अख्ख्या किटाचंही असं करता येतं, पण मग पैसे मोजून आणलेल्या छपरावर आणि बाजूच्या भिंतींवर करवत चालवावी लागते, शिवाय पुढच्या-मागच्या भिंतींची दारं-खिडक्या एका ओळीत येतीलच असं नाही. सुट्या भिंती मुळात त्यासाठीच असतात. हव्या तेवढ्या लांबीची, दोन किंवा तीन मजल्यांची भिंत जुळवा, मागची बाजू विकतच घेऊ नका.

(कोराडीचं वीज केंद्र करायचं मनात असेल तर आधी छत मोजा. २०० मीटरची चिमणी एचओमध्ये २.३ मीटर होते. पडद्याआडून बाहेर आलेला एक कोळशाचा कन्व्हेअर दाखवला की पुरे, बाकीचं बघणारा समजून घेतो.)

आता जोडणीचा भाग. इथे मात्र कॉर्नरस्टोनची बाजू वरचढ आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. त्यात खिडक्या, दारं वेगळ्या साच्यातून येतात. फ्रेमवर (सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर) असतानाच त्या रंगवायच्या, वाळल्यावर कापून भिंतीत बसवायच्या, मागून काचेचं पारदर्शक प्लॅस्टिक. रंगाची रेघ आपोआप सरळ येते. डीपीएममध्ये खिडक्या भिंतीतच ओतलेल्या असतात. गिरणीच्या एका मजल्यावर डझनभर खिडक्या, प्रत्येकीला चौकोनी तुकड्यांची जाळी, आणि ती सगळी बारीक ब्रशने रंगवायची. हात स्थिर नसेल, किंवा चष्म्याचा नंबर बदलायला झाला असेल, तर हे काम जिवावर येतं. डीपीएमच्या अख्ख्या इमारतींच्या किटात भिंतींच्या कडाही घासून ४५ अंशांवर आणाव्या लागतात. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर भिंत घासायची आणि सुताराचा छोटा गुण्या लावून कोपरा तपासत राहायचं. कोपरा जरा चुकला की छप्पर बसत नाही. त्यांच्याच सुट्या, म्हणजे मॉड्युलर, भिंतींत हा त्रास कमी, कारण सांध्यावर विटांचा उभा खांब चिकटतो आणि फट झाकली जाते. सुट्या भिंतीही हव्यात आणि खिडक्याही वेगळ्या हव्यात, तर औहागेनची जर्मन मालिका बघा. किंमत चढी आहे, पण माझ्या लेखी रांगेत ती पहिली.

पाइकस्टफबद्दल थोडक्यात. अमेरिकन आहे म्हणून सोडू नका. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतली शेडं आठवा, उभ्या पन्हळीचा पत्रा आणि बुटकं दुपाखी छप्पर. हे किट जवळजवळ तसंच आहे, वर एक पाटी बदलली की झालं. पहिलंच किट करणाऱ्याने याच्यापासून सुरुवात करावी.

सनबोर्डाची गंमत वेगळी. ३ मिलिमीटरचा सनबोर्ड ८७ पट मोठा केला की २६ सेंटिमीटर होतो, म्हणजे आपली नऊ इंची भिंत, दोन्हीकडच्या प्लास्टरसकट. किटाची भिंत सहसा याच्या निम्मी जाड असते, त्यामुळे खिडकी भिंतीत खोल बसलेली दिसत नाही. उन्हाळी देशातल्या इमारतीची ती खोल सावली सनबोर्डात फुकट मिळते. पण विटा? नऊ इंची वीट एचओमध्ये २.६ मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटरहूनही कमी उंच. असे थर सुईने कोरत बसणं म्हणजे शिक्षा. म्हणून माझा नियम सोपा आहे. उघड्या विटांची इमारत असेल तर प्लॅस्टिक किट, चुना किंवा प्लास्टर असेल तर सनबोर्ड. मालधक्का, स्टेशनमास्तरांचं क्वार्टर, रेल्वेचं पिवळं ऑफिस यांच्यासाठी परदेशी किट कशाला?

सनबोर्डाच्या खिडक्यांसाठी पाट्या आणि ट्रॉफ्या बनवणाऱ्यांकडे लेसर कटिंग होतं. पातळ ॲक्रिलिक, एमडीएफ किंवा कार्ड कापून घ्या. सनबोर्ड मात्र लेसरखाली देऊ नका. तो पीव्हीसीचा असतो आणि लेसरने जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतो. तो फुफ्फुसांना वाईट, मशीनलाही वाईट. सनबोर्ड कटरनेच कापायचा.

कार्डाची किटंही आहेत, मेटकाफची विशेष प्रसिद्ध. स्वस्त आणि छापील रंगाची असल्यामुळे मोह होतो. पण ती प्रामुख्याने ओओ म्हणजे १:७६ ची, एचओच्या गाडीशेजारी सातवा हिस्सा मोठी, तोंडवळा इंग्लंडचा, आणि आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमटपणात कार्ड फुगतं. मी तरी घेणार नाही.

हवामानाचा विषय निघालाच आहे तर ते नीट बघू, कारण परदेशी माहितीपत्रकात नागपूरचा मे महिना नसतो. किटाचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असतं. त्याला फेविकॉल चालत नाही. फेविक्विक चिकटतं, पण सांध्याशेजारी पांढरी धूसर झाक सोडतं आणि खिडकीच्या काचेची वाट लावतं. त्याला लागतं ते पातळ सॉल्व्हंट सिमेंट, उदाहरणार्थ तामियाचं एक्स्ट्रा थिन. दोन्ही भिंती एकमेकींना टेकवून धरायच्या आणि ब्रशचं टोक नुसतं सांध्याला लावायचं. द्रव फटीत आपोआप ओढला जातो, दोन्हीकडचं प्लॅस्टिक विरघळवतो आणि उडून जातो, मागे एकजीव सांधा उरतो. बाहेर ४५ अंश असताना तो द्रव फटीत शिरण्याआधीच उडायला लागतो. मोठ्या किटाच्या फूटभर लांब सांध्यावर हे लगेच जाणवतं. सुट्या भिंतींचे सांधे दोन-तीन इंचांचे, त्यामुळे उन्हाळ्यातही जमतात. लांब सांधा असेल तर सकाळी लवकर बसा आणि दोन-दोन इंचांनी पुढे सरका.

कूलरसमोर तर मुळीच बसू नका. वाऱ्याने सिमेंट आणखी लवकर उडतं, आणि ओलसर हवेत स्प्रे मारला तर रंगावर दुधाळ थर येतो. पण खोलीत हवा खेळती हवी, ही वाफ नाकात भरून घ्यायची नसते. मग खिडकी उघडी आणि कूलर बंद, घाम पुसत काम करायचं. दुसरं, किटाचा डबा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. पॉलिस्टायरीन पुरतं मऊ पडायला १०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, पण पातळ, लांब भिंत त्याच्या बऱ्याच खालीसुद्धा वाकते, आणि वाकलेली भिंत कुठलाच गुण्या सरळ करत नाही.

रंगासाठी हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइडचा स्प्रे विटांच्या रंगाला मोहक वाटतो. आधी टाकाऊ फ्रेमवर मारून बघा. त्यातला थिनर पॉलिस्टायरीन खाऊ शकतो. पाण्याचे ॲक्रिलिक रंग सुरक्षित. विटांवर रंग वाळला की पांढरट राखाडी ॲक्रिलिक भरपूर पाण्यात पातळ करून भिंतभर फिरवायचं आणि कापडाने वरवर पुसायचं, सांध्यांत चुना उतरतो. अमेरिकन किट असेल तर छतावरची लाकडी पाण्याची टाकी आणि दर्शनी भिंतीवरचा लोखंडी जिना डब्यातच राहू द्या. त्याऐवजी काळी सिंटेक्सची टाकी, देवनागरी पाटी, आणि फाटकाच्या कोपऱ्यात खर्रा थुंकल्याचे लाल डाग. एवढ्याने मिलवॉकीची इमारत नागपुरात येते.

खर्चात बघायचं तर निव्वळ किटाच्या किमतीवर जाऊ नका. परदेशातून मागवताना कुरिअरवाले डब्याचं आकारमानही मोजतात, वर सीमाशुल्क आणि कर. मोठं किट म्हणजे बराचसा हवेचा डबा. सुट्या भिंतींची पाकिटं चपटी असतात, दोन-तीन मित्रांनी मिळून मागवली तर वाहतूक वाटली जाते. सिमेंट मात्र त्याच पार्सलात मागू नका, ज्वलनशील द्रवाला हवाई टपालात अडचणी येतात. ते देशातल्याच हॉबी विक्रेत्याकडून घ्या.

नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे म्युझियममध्ये जाऊन आलेले बरेच जण नॅरोगेजकडे वळतात, आणि तिथे ऑर्डर चुकण्याचा धोका आहे. सातपुड्यातल्या जुन्या लाइनींचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणून एचओ नॅरोगेजला एन स्केलचा ९ मिलिमीटरचा रूळ वापरतात. पण रूळ एनचा असला तरी माणसं, दारं आणि वॅगनी १:८७ च्याच. एन स्केलची इमारत १:१६० ची असते, तिचं दार तुमच्या गार्डच्या छातीपर्यंतच येईल. तेव्हा रूळ एनचा घ्या, भिंती एचओच्याच मागवा, आणि पैसे भरण्याआधी पाकिटावरचा स्केल पुन्हा एकदा वाचा.