फ्रीझ, अलर्ट की लॉक? अमेरिकेत एसएसएन फुटल्यावर काय निवडाल

आपली माहिती, त्यातही एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक), चोरीला गेली असावी, असं कळवणारं एखाद्या कंपनीचं पत्र अमेरिकेत राहणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतं. सोबत वर्षभराचं फुकट क्रेडिट मॉनिटरिंग, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदींवर नजर ठेवणारी सेवा, देऊ केलेलं असतं. ते घ्या, पण तुमच्या नावावर कुणी कर्ज काढलं की त्यानंतर ते कळवणार. कर्ज निघूच नये असं वाटत असेल, तर फ्रीझ, फ्रॉड अलर्ट आणि लॉक हे तीन पर्याय आहेत.

माझा कौल सरळ फ्रीझला. फ्रीझ असेपर्यंत क्रेडिट ब्यूरो (लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणारी कंपनी) तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे त्या नोंदी, नव्या सावकाराला दाखवत नाही, आणि रिपोर्ट पाहिल्याशिवाय सहसा कुणी कर्ज किंवा कार्ड देत नाही. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या ब्यूरोमधून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती फुटली. तोवर बऱ्याच राज्यांत फ्रीझसाठी प्रत्येक ब्यूरोला पैसे मोजावे लागत. म्हणजे माहिती त्यांनी सांडायची आणि भुर्दंड आपण भरायचा! पुढच्या वर्षी संसदेने कायदा केला आणि २१ सप्टेंबर २०१८ पासून फ्रीझ देशभर फुकट झालं. ऑनलाइन किंवा फोनवर मागितलं तर कामकाजाच्या एका दिवसात लावायचं आणि काढायला सांगितलं की तासाभरात काढायचं, हे बंधन ब्यूरोवर आहे. क्रेडिट स्कोअरला, म्हणजे तुमची पत दाखवणाऱ्या आकड्याला, धक्का लागत नाही. नोकरी, भाड्याचं घर किंवा विमा यांच्या चौकशीला फ्रीझ आड येत नाही. त्रास एवढाच की इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या तिघांकडेही वेगवेगळं सांगावं लागतं. गाडीचं कर्ज घ्यायचं झालं तर डीलरला आधीच विचारा की रिपोर्ट कुणाकडून मागवणार. मग तेवढ्याच ब्यूरोचं फ्रीझ चार दिवसांपुरतं उठवलं की भागतं.

फ्रॉड अलर्टला कष्ट कमी. एका ब्यूरोला सांगितलं की बाकीच्या दोघांना कळवणं ही त्याची जबाबदारी. मुदत एक वर्ष, पुन्हा वाढवता येते, तीही फुकट. पण रिपोर्ट उघडाच राहतो. अर्ज करणारी व्यक्ती खरोखर तुम्हीच आहात याची सावकाराने वाजवी खातरजमा करावी, इतकीच अपेक्षा असते. म्हणजे सगळी भिस्त त्याच्या दक्षतेवर. तरीही नुकतेच एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेले असाल, आणि पुढच्या दोन महिन्यांत कार्ड, गाडी, फोन असे अर्जांमागून अर्ज करणार असाल, तर अलर्ट सोयीचा. मात्र त्यात दिलेला फोन नंबर बदललात तर तोही कळवा, नाहीतर तुमचाच अर्ज अडेल. ओळख चोरून प्रत्यक्ष फसवणूक झालेली असेल तर फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडची किंवा पोलिसांकडची तक्रार जोडून सात वर्षांचा अलर्ट मिळतो. त्यात तुमच्याशी संपर्क साधल्याशिवाय सावकाराला पुढे जाता येत नाही, म्हणून तो बराच कडक. फ्रीझ आणि अलर्ट दोन्ही एकदम ठेवायलाही हरकत नाही.

राहिला लॉक. ॲपवर एक बटण दाबलं की रिपोर्ट बंद, पुन्हा दाबलं की चालू. काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी महिन्याच्या वर्गणीत. पण फ्रीझमागे कायदा आहे, तर लॉकमागे फक्त कंपनीशी केलेला करार, आणि त्या करारात कोर्टाऐवजी लवादाकडे जाण्याचं कलम नाही ना, ते पाहून घ्या. जे फुकट आणि कायद्याने मिळतं, त्याच्या कच्च्या आवृत्तीला दरमहा डॉलर कशाला द्यायचे?

हातातल्या कार्डावर कुणी खरेदी केली तर या तिन्हींचा उपयोग नाही. तिथे क्रेडिट कार्ड असेल तर कायद्याने तुमची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर. डेबिट कार्डाची तक्रार उशिरा केलीत तर ती वाढत जाते. तुमच्या नावाने खोटं टॅक्स रिटर्न भरलं जाऊ नये म्हणून आयआरएस या कर खात्याकडून आयपी पिन, म्हणजे ओळख पटवणारा सहा आकडी क्रमांक, वेगळा घ्यावा लागतो. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या नावावरही आईवडिलांना फुकट फ्रीझ लावता येतं. त्यासाठी कागदपत्रं टपालाने पाठवावी लागतात, तेव्हा थोडा वेळ हाताशी ठेवा.