हापूसची घरपोच विक्री: पैसा जाहिरातीत घालावा, गूगल शोधात की संकेतस्थळाच्या दुरुस्तीत?

देवगड, रत्नागिरी परिसरातील अनेक बागायतदारांनी आता स्वतःचे संकेतस्थळ उभारले आहे. वाशीच्या बाजारात पेटी गेली की दर दुसऱ्याच्या हाती जातो आणि पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला थेट माल दिला तर तो आपल्या हाती राहतो, हा त्यामागचा हिशेब रास्त आहे. तरीही पुष्कळांच्या बाबतीत मागणी ओळखीच्या लोकांकडूनच येत राहते आणि संकेतस्थळ नुसतेच उभे असते. अशा वेळी हाताशी असलेली मर्यादित रक्कम गूगलच्या सशुल्क जाहिरातीत घालावी, शोधात नैसर्गिकरीत्या वर येण्यासाठी खर्चावी, की आधी संकेतस्थळच सुधारून घ्यावे, असा प्रश्न पडतो. या तिन्ही मार्गांची तुलना येथे केवळ घरपोच आंबा विकणाऱ्या लहान बागायतदाराच्या दृष्टीने केली आहे, कारण वर्षभर चालणाऱ्या दुकानाचे गणित वेगळे असते.

हे गणित वेगळे करणारी गोष्ट म्हणजे हंगाम. हापूसचा मुख्य हंगाम साधारण मार्च ते मे एवढाच असतो. जाहिरात बहुधा एक-दोन दिवसांत सुरू होते आणि आंबा संपला की त्याच दिवशी थांबवता येते, ही तिची मोठी सोय आहे. शोधातून वर येण्याचे काम मात्र काही आठवड्यांपासून अनेक महिन्यांपर्यंत चालते, त्यामुळे मार्चमध्ये हाती घेतलेल्या कामाचे फळ त्या हंगामात मिळेल अशी आशा धरणे योग्य नाही. ज्याला हा मार्ग निवडायचा आहे त्याने पाऊस ओसरल्यावर, मोहर येण्यापूर्वीच संकेतस्थळावरचा मजकूर लिहायला बसावे.

खर्चाच्या बाबतीत जाहिरात वरवर स्वस्त वाटते, कारण शोधातील जाहिरातीत सामान्यतः कोणी तिच्यावर क्लिक केले तरच पैसे कापले जातात. पण क्लिक म्हणजे मागणी नव्हे. समजा एका क्लिकला १० रुपये पडले आणि १०० जणांपैकी २ जणांनी पेटी मागवली, तर प्रत्येक पेटीमागे ५०० रुपये जाहिरातीचेच झाले. त्याच १०० जणांपैकी ४ जणांनी मागवली तर हा खर्च २५० रुपयांवर येतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, परंतु दोनाचे चार होणे जाहिरातीवर फारसे अवलंबून नसते. ते अवलंबून असते क्लिक केल्यावर समोर उघडणाऱ्या पानावर, आणि म्हणूनच माझ्या मते तिन्हींत पहिला मान संकेतस्थळाच्या दुरुस्तीचा आहे.

ही दुरुस्ती म्हणजे नवे रंग आणि फिरती चित्रे नव्हेत. ग्राहक मोबाईलवर पान उघडतो तेव्हा त्याला पेटीत किती डझन, फळ किती ग्रॅमचे, पोहोच खर्चासह दर किती आणि आपल्या भागात माल कोणत्या दिवशी येईल, हे फोन न करता कळले पाहिजे. ‘दरासाठी संपर्क साधा’ असे लिहिलेले पान पाहून बरेच जण पुढच्या विक्रेत्याकडे वळतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट साक्याची. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या हापूसमध्ये कापल्यावर पांढरट, स्पंजासारखा भाग निघू शकतो, आणि दुरून पैसे पाठवणाऱ्या माणसाच्या मनात हीच धास्ती असते. साका निघाल्यास फोटो कोठे पाठवायचा आणि फळ बदलून मिळेल की पैसे परत, हे जो बागायतदार स्पष्ट लिहितो त्याच्यावर अनोळखी ग्राहक विश्वास टाकतो. फळ गवताच्या आढीत पिकवले आहे का, हेही सांगावे, कारण कॅल्शियम कार्बाईडवर बंदी असूनही लोकांची शंका गेलेली नाही. हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. बागायतदाराने त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तर ते प्रमाणपत्र तळाशी दडवू नये, दराशेजारीच दाखवावे.

तांत्रिक बाजूला एकच गोष्ट पाहावी, ती म्हणजे वेग. पानावरील मुख्य मजकूर किंवा चित्र २.५ सेकंदांच्या आत दिसावे, असे गूगलचे मोजमाप आहे, आणि बागेचे मोठे फोटो लहान न करता चढवल्याने ते बहुतेकदा हुकते. पेजस्पीड इनसाइट्स हे मोफत साधन ही तपासणी करून देते.

शोधाच्या मार्गात एक चूक सर्रास होते. दरवर्षी नव्या हंगामासाठी नवे पान केले जाते आणि जूनमध्ये जुने काढून टाकले जाते, त्यामुळे त्या पानाने मिळवलेली ओळख वाया जाते. पत्ता एकच ठेवून दर आणि तारखा बदलाव्यात, आणि हंगाम संपल्यावर तेथेच पुढील वर्षाची आगाऊ नोंदणी सुरू ठेवावी. गूगलवरील व्यवसाय प्रोफाइल, म्हणजे शोधात आणि नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद, मोफत आहे, पण ते ग्राहकांना प्रत्यक्ष भेटणाऱ्या व्यवसायांसाठी असते. ज्याच्या बागेत वा पॅकिंगच्या जागी लोक येतात, किंवा जो स्वतः घरोघरी माल पोहोचवतो, त्याने ते जरूर करावे. केवळ कुरिअरने पाठवणाऱ्याने त्यावर भिस्त ठेवू नये. शिवाय स्थानिक निकालांत अंतरालाही वजन असते, त्यामुळे देवगडच्या बागेचे प्रोफाइल कोथरूडमधल्या ग्राहकाला सहज दिसेल असे नाही. सवलत देऊन अभिप्राय लिहवून घेणे गूगलच्या नियमांत बसत नाही.

जाहिरात करायचीच असेल तर दोन सेटिंग्ज आधी पाहाव्यात. ठिकाण निवडताना मूळ पर्यायात त्या शहरात रस दाखवणारे बाहेरचे लोकही धरले जातात, म्हणून फक्त तेथे असणारे लोक निवडावेत. तसेच ‘कलम’, ‘रेसिपी’, ‘आजचा बाजारभाव’ यांसारखे शब्द वगळण्याच्या यादीत टाकावेत, कारण ते शोधणाऱ्याला पेटी नको असते. रोजचे बजेट सरासरी धरले जाते आणि एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, याचीही जाण असावी.

ज्याच्या हाती अजून सहा महिने आहेत त्याने आधी पान दुरुस्त करावे, मग शोधासाठी लिहावे आणि फळ तयार झाल्यावर थोडी जाहिरात करावी. ज्याचा आंबा तीन आठवड्यांवर आला आहे त्याने शोधाचा विचार यंदा सोडून द्यावा, दोन दिवसांत दर आणि साक्याची हमी पानावर टाकावी आणि आपण खात्रीने माल पोहोचवू शकतो अशा एकाच शहरापुरती जाहिरात सुरू करावी. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मागणीसोबत ‘आमच्याबद्दल कोठून कळले?’ एवढे विचारून वहीत टिपले, तरी दुसऱ्या आठवड्याचा खर्च वाढवायचा की थांबवायचा, हे ठरवता येते.