सायकलच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तेल भरावं की पाणी?

"दादा, तेलना जागावर पानी चाली का?"

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला धुळ्यात निदान पाचसहा जणांनी विचारला. विचारणारे अडाणी नव्हते. त्यांची अडचण खरी होती. आपल्याकडे हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या सायकली आल्या, पण त्यांच्यात भरायचं मिनरल ऑइल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. ते मागवावं लागतं आणि त्यासाठी चार दिवस थांबावं लागतं. दुचाकीच्या स्पेअर पार्टवाल्याकडे डॉट-४ (मोटारसायकलच्या ब्रेकमध्ये भरतात तो द्रव) ची बाटली हात पुढे केला की मिळते, पण ती या ब्रेकला चालत नाही. पाणी मात्र घरातच असतं, शिवाय काही देशांत लोक पाण्यावर ब्रेक चालवतात हेही कोणीतरी ऐकलेलं असतं. मग वाटतं, भरून बघायला काय हरकत आहे?

मी भरून बघितलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ब्रेकमधल्या द्रवाचं मुख्य काम म्हणजे लिव्हरवरचा बोटांचा जोर नळीतून कॅलिपरच्या, म्हणजे चाकाच्या चकतीवर दोन्हीकडून पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिस्टनपर्यंत नेणं. त्यासाठी तो दाबाखाली आकसता कामा नये. या परीक्षेत पाणी अजिबात कमी पडत नाही, उलट तेलापेक्षा किंचित कमीच आकसतं. ते पातळही असतं, त्यामुळे बारीक नळीतून झटकन पुढे जातं आणि झटकन मागे येतं.

माझ्या जुन्या सायकलला पुढेमागे दोन्ही डिस्क ब्रेक मिनरल ऑइलचे होते. मागच्या ब्रेकमधलं तेल सिरिंजने काढलं, आत स्पिरिट फिरवून वाळू दिलं आणि बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर भरलं. पुढे तेलच ठेवलं. म्हणजे उजव्या हाताला तेल आणि डाव्या हाताला पाणी, दोन्ही एकाच सायकलवर. याहून सरळ तुलना मला सुचली नाही.

पहिला दीड महिना देवपुरातून नकाणे तलावापर्यंत रोजची फेरी चालू होती. सपाट रस्ता, थोडी रहदारी, मध्येच आडवी येणारी शेळी. डावी लिव्हर सोडली की टक्कन परत यायची. उजवी किंचित आळसावल्यासारखी यायची, विशेषतः डिसेंबरच्या पहाटे. पाणी जिंकलं असं मी तेव्हा दोघातिघांना सांगितलंसुद्धा.

मग कन्नडचा घाट उतरलो. कन्नडहून चाळीसगावकडे, कॅरिअरवर दहा किलोचं सामान. वळणावळणाच्या उतारावर मी मागचा ब्रेक जास्त धरत होतो, कारण सामान मागे होतं आणि पुढचा जोरात दाबायची भीती वाटत होती. तीनचार वळणं झाल्यावर डावी लिव्हर मऊ लागली. पुढच्या वळणाआधी दाबली तर ती सरळ हँडलच्या मुठीला जाऊन टेकली, हाताला काही लागलंच नाही. उजव्या हाताच्या तेलाने सायकल थांबवली. कडेला उभा राहिलो तेव्हा मागच्या चकतीतून करपल्यासारखा वास येत होता. बाटलीतले दोन थेंब तिच्यावर पडले आणि तापल्या तव्यावर पडावेत तसे चर्र करून उडाले. (मुद्दाम असं करू नका, तापलेली चकती अचानक गार झाली तर वाकते.)

वीसेक मिनिटं थांबलो. लिव्हर पुन्हा पहिल्यासारखी कडक झाली, जणू काही घडलंच नाही. मला खरी भीती याच गोष्टीची वाटते. ब्रेक गार झाला की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि दोष दिसेनासा होतो. घरी येऊन लिव्हर दाबून बघणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही.

असं का झालं, याचा हिशोब सोपा आहे. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरा. दर १०० मीटर खाली उतरताना जेवढी ऊर्जा सुटते, तेवढीत ३० अंशांचं सुमारे ३०० मिलिलिटर पाणी उकळीला येतं. म्हणजे मोठा पेलाभर. थोडी ऊर्जा वारा घेतो, बाकीची दोन चकत्या आणि पॅडमध्ये उष्णता होऊन उतरते. चकती वाऱ्यावर गार होत राहते, पण थोडी उष्णता पॅड आणि पिस्टनमधून कॅलिपरमधल्या द्रवापर्यंत पोचतेच. आणि त्या सगळ्या ब्रेकमध्ये द्रव असतो किती? चहाचे तीनचार चमचे.

लिव्हर दाबलेली असताना पाणी १०० अंशांना उकळत नाही, कारण आत दाब असतो. प्रेशर कुकरमध्ये ते १२० च्या आसपास जातं, तोच प्रकार. लिव्हर सोडल्याबरोबर दाब उतरतो आणि तापलेल्या पाण्याची जागच्या जागी वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे पटींहून जास्त जागा मागतं, त्यामुळे एक थेंबही पुरतो. पुढच्या वेळी तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा तुमचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो, पिस्टन हलत नाही. तोरणमाळसारख्या ठिकाणी, समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून वर, पाणी तसंही ९६ अंशांच्या आसपास उकळतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा काही दिवस ४५ च्या आसपास जातो, म्हणजे तिकडे ब्रेक लावायच्या आधीच जवळजवळ अर्धा पल्ला संपलेला.

तेलाचं काय? ब्रेकसाठी बनवलेलं मिनरल ऑइल २०० अंशांच्या बरंच पलीकडे टिकतं. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो यांच्या ब्रेकमध्ये तेच असतं. स्रॅमचे बरेचसे ब्रेक आणि हेज, होप यांचे ब्रेक डॉट फ्लुइडवर चालतात. डॉट-४ कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळावं असा नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही मर्यादा १५५ वर येते. शंभरातले चार भागही पाणी नाही, तरी ७५ अंश गेले. शंभरच्या शंभर भाग पाणी असेल तर काय होईल, ते तुम्हीच ताडा.

डॉट हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून ते एकदोन वर्षांनी बदलावं लागतं. मिनरल ऑइल ओलावा शोषत नाही, पण त्यालाही एक खोड आहे. सीलमधून पाणी आत गेलंच तर ते तेलात मिसळत नाही. जड असल्यामुळे ते खाली, म्हणजे नेमकं कॅलिपरमध्ये, जिथे सगळ्यात जास्त तापतं तिथे जाऊन बसतं. म्हणून पावसाळा संपला की तेल एकदा बदलून घ्यावं. सायकल पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धूत असाल तर जरूर बदलावं.

आता गंजाची गोष्ट. घाटानंतरही तो ब्रेक मी मुद्दाम तसाच सपाटीवर वापरत राहिलो आणि चार महिन्यांनी उघडला. सिरिंजमध्ये आलेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. लिव्हरच्या आतली बारीक स्प्रिंग तांबूस झाली होती. कॅलिपरच्या ॲल्युमिनियमवर, पिस्टनच्या कडेला पांढरी भुकटी जमली होती, नखाने खरवडली तर खाली खड्डे दिसत होते. एक पिस्टन अडकत अडकत परत येत होता. तेल नुसता जोर पोचवत नाही, ते सीलला आणि पिस्टनला ओलं ठेवतं. हे काम पाण्याला जमत नाही. हे सगळं डिस्टिल्ड पाण्याचं. आपल्या बोअरच्या पाण्याने बादलीला आणि गिझरच्या कॉइलला जो पांढरा थर चढतो, तो ब्रेकच्या या बारीक छिद्रांमध्ये चढला तर ब्रेक फेकावाच लागेल.

हिवाळ्यात पाणी गोठलं की नऊ टक्क्यांनी फुगतं. जळगावकर म्हणतील आमचा काय संबंध, पण सातपुड्यात तोरणमाळ, डाब या भागांत थंडीच्या लाटेत दवबिंदू गोठतात. सायकल तंबूबाहेर ठेवून झोपणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एवढं सगळं असूनही पाण्याचे ब्रेक जगात आहेत, आणि ते चालतात. मागुराने १९८७ पासून रिमवर लागणारे हायड्रॉलिक ब्रेक बनवले. ट्रायल्स हा प्रकार खेळणारे, म्हणजे सायकल एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उड्या मारत नेणारे, त्याच जातीच्या ब्रेकमध्ये तेल काढून पाणी आणि कूलंटचं (गाडीच्या रेडिएटरमध्ये टाकतात ते) मिश्रण भरतात. त्यांचा हिशोब बरोबर आहे. पॅड रिमवर घासतो, रिम भलीमोठी असल्यामुळे उष्णता पसरून जाते आणि द्रवापर्यंत फारशी पोचतच नाही. लांब उतार त्यांना उतरायचा नसतो. त्यांना हवी असते लिव्हरची चपळाई, आणि ती पाण्यात आहेच. या ब्रेकला तेलाची टाकी नसते, आतला द्रव बंदिस्त असतो. सायकल उन्हात तापली की तो फुगतो आणि पॅड रिमला घासू लागतात. पाणी तेलाच्या साधारण निम्मंच फुगतं. आपल्या उन्हाळ्यात हा फायदा कागदावरचा नाही.

कूलंटने गोठण्याचा आणि गंजाचा प्रश्न बराचसा सुटतो. उकळण्याचा सुटत नाही. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट घेतलं तरी उकळण्याची मर्यादा पाचसात अंशांनीच वर जाते, म्हणजे डिस्क ब्रेकसाठी काहीच नाही. आणि कूलंट विषारी असतं, चवीला गोड लागतं. उरलेलं मिश्रण पोरांच्या, कुत्र्याच्या किंवा गुरांच्या वाटेत ठेवू नका.

स्वयंपाकघरातल्या तेलाबद्दलही विचारणा होते. शेंगदाणा तेल काही दिवसांनी चिकट होतं, खोबरेल तर २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. धुळ्याच्या जानेवारीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे काय सांगायला हवं! आणि मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट-४ कधीच नको. त्याने सील फुगून खराब होतात. डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल घातलं तरी तसंच, दोन्हींची रबरं वेगळी असतात. लिव्हरच्या झाकणावर काय भरायचं ते लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय कोणत्याही मिस्त्रीला बाटली उघडू देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी.

मग कोणी काय करावं? तुमच्या सायकलला डिस्क ब्रेक असेल आणि तुम्ही कन्नड, लळिंग, तोरणमाळ किंवा पालच्या बाजूला कधीही जाणार असाल, तर पाण्याचा विचार सोडून द्या. "मी फक्त सपाटीवरच चालवतो" म्हणणाऱ्यालाही मी हेच सांगेन. सायकल घरात एकटा माणूस वापरत नाही. तुमचा भाऊ किंवा भाचा एक दिवस ती घेऊन घाटात जाईल आणि आत काय भरलंय हे त्याला माहीत नसेल.

रिमवरचा हायड्रॉलिक ब्रेक असेल, तो तुम्ही ट्रायल्ससाठी किंवा गावातल्या गावात वापरत असाल आणि दर काही महिन्यांनी उघडून बघायची तयारी असेल, तर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट जरूर भरा. त्या लिव्हरची हाताला एकदा सवय लागली की तेल जड वाटेल.

आणि तेल मिळत नाही हीच खरी अडचण असेल, ब्रेक उघडायची हौस नसेल, तर नवी सायकल घेताना केबलवर चालणारा डिस्क ब्रेक घ्या. तो थोडा जड लागतो, पण केबल चोपड्यात, शिरपुरात, अगदी आठवडे बाजाराच्या गावातही मिळते आणि दहा मिनिटांत बदलता येते. ज्यांच्याकडे हायड्रॉलिक आहे त्यांनी तेलाची एक लहान बाटली आणि सिरिंज पावसाळ्याआधीच मागवून घरात ठेवावी, झाकण घट्ट लावून.

माझ्या मागच्या ब्रेकचं कॅलिपर बदलावं लागलं. लिव्हर स्प्रिंग आणि सील बदलून वाचली. आता दोन्ही हातांना तेल आहे. डिसेंबरच्या पहाटे दोन्ही लिव्हर सावकाश परत येतात, आणि कन्नडचा घाट मी त्यानंतर तीनदा उतरलो.